ओलीला वाट : धाराशिव जिल्ह्यातील वीट, चुना आणि माळवद यांचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर वसलेला असून मांजरा, तेरणा, सीना व बोरी या नद्या त्याच्या भूमीला आकार देतात. हा प्रदेश अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जात असल्यामुळे त्याच्या इतिहासाची चर्चा बहुधा पाण्याच्या टंचाईभोवती फिरते. परंतु येथील इमारतींचा इतिहास वाचायचा झाल्यास पाण्याच्या दुसऱ्या रूपाकडे, म्हणजे भिंतीत शिरणाऱ्या, छतातून झिरपणाऱ्या आणि जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीकडे पाहावे लागते. जिल्ह्यातील पाऊस वर्षाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असला, तरी तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत कडक ऊन भिंतींतील ओलावा पुन्हा ओढून घेते. भिजणे आणि वाळणे यांचे हे चक्र शेकडो वर्षे चालत राहिले की सतत भिजणाऱ्या भिंतीपेक्षाही अधिक झीज होते, कारण प्रत्येक वेळी भिंतीतील माती फुगते व आकसते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर येऊन साचतात.

ओल इमारतीत तीन वाटांनी येते. पहिली वाट वरची, म्हणजे छत आणि भिंतीचा माथा; दुसरी बाजूची, म्हणजे वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटणाऱ्या पावसाची झड; आणि तिसरी खालची, म्हणजे जमिनीतील पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वर चढण्याची. या तिसऱ्या प्रकाराला शास्त्रात केशाकर्षण म्हणतात. जमिनीतले क्षार या पाण्यात विरघळून वर येतात आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीच्या कातडीखाली त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक वाढताना गिलाव्याचे पोपडे सुटतात, विटेची भुकटी होते आणि भिंतीवर पांढरी बुरशीसारखी साय दिसू लागते. मराठीत याला ‘लोणा लागणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. लोणा हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आला, आणि चुना भाजण्याचा व मीठ करण्याचा व्यवसाय करणाऱ्या लोणारी समाजाच्या नावातही तेच लवण आहे. भिंतीचा रोग आणि भिंतीचे औषध करणारा कारागीर यांची नावे एकाच मुळातून यावीत, यावरून हा प्रश्न मराठी मुलखाच्या जीवनात किती जुना आहे हे लक्षात येते.

या ओलीशी धाराशिवच्या माणसांनी दोन हजार वर्षे जो व्यवहार केला, त्याचे खडक, वीट, दगड आणि माती असे चार टप्पे जिल्ह्यातील वास्तूंमध्ये आजही दिसतात. चारही ठिकाणी जी वास्तू टिकली तिच्याबाबतीत एक सूत्र समान आढळते: पाणी भिंतीत शिरणारच हे गृहीत धरून त्याला बाहेर पडण्याची वाट ठेवली गेली, आणि ती वाट मोकळी राहावी म्हणून कोणीतरी दरवर्षी हात लावत राहिले.

खडकातले पाणी

धाराशिव शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेली लेणी साधारणतः इ. स. च्या पाचव्या ते सातव्या शतकांतील मानली जातात. ती मुळात बौद्ध होती की जैन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जेम्स बर्जेस यांनी त्यांचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. येथील सर्वांत मोठ्या लेण्याचे सभागृह लांबीरुंदीने सुमारे ८० फूट असून त्याची रचना अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते. मात्र ज्या खडकात ते खोदले तो अजिंठ्याइतका घट्ट नसल्यामुळे लेण्यांच्या दर्शनी भागाची मोठी पडझड झाली आहे. लेण्याला जोते नसते, वळचण नसते आणि मागची भिंत डोंगराचीच असल्यामुळे डोंगरात मुरलेले पाणी थेट मूर्तीच्या पाठीशी येऊन उभे राहते.

या पाण्याची नोंद साहित्यानेही ठेवली आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अकराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्यात पोहोचतो, तेथील पार्श्वनाथाच्या मूर्तीजवळ खडकात असलेली एक गाठ त्याला खटकते आणि तो ती फोडायला लावतो. त्याबरोबर आतून पाण्याचा लोंढा येऊन लेणे भरून जाते, राजाला पश्चात्ताप होतो आणि पुढे तो नवी लेणी करवतो. हे काव्य १९३४ मध्ये संपादित करणारे हिरालाल जैन यांनी त्यातील लेण्यांचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडला. कथेचा धार्मिक आशय बाजूला ठेवला तरी त्यात बांधकामाचा एक खरा अनुभव साठवलेला आहे: खडकातील पाण्याची वाट न ओळखता केलेला, केवळ शोभेसाठीचा हस्तक्षेप संपूर्ण वास्तू बुडवू शकतो. आजच्या पुनर्स्थापनेच्या कामालाही हा अनुभव तंतोतंत लागू पडतो.

तेरची वीट

तेरणा नदीच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात तगरचा उल्लेख येतो. येथून माल पश्चिम किनाऱ्यावरील भृगुकच्छाच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या, बंदराकडे जात असे. फ्लीट यांच्या पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी तेरला भेट देऊन तेथील विटांच्या मंदिरांचे वर्णन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या अहवालात प्रसिद्ध केले, आणि काळ्या दगडाच्या या मुलखात वीटकामाची एवढी जुनी परंपरा जिवंत असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले.

यातील त्रिविक्रम मंदिराचा गाभारा चापाकार, म्हणजे मागच्या बाजूस अर्धवर्तुळाने बंद होणारा असून त्यावर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार छत आहे. ही रचना बौद्ध चैत्यगृहाची असल्याने अनेक अभ्यासक या वास्तूला मूळचे चैत्यगृह मानतात; पुढे तिच्यापुढे मंडप जोडला गेला आणि ती विष्णूच्या त्रिविक्रम रूपाच्या उपासनेत आली. छत खऱ्या कमानीचे नसून विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत दोन्ही बाजू माथ्यावर मिळवलेल्या आहेत. देशातील बहुतेक विटांची चैत्यगृहे पायापुरती उरली असताना ही वास्तू छतासह उभी राहिली, याचे मोठे कारण ती दीर्घकाळ पूजेत राहिली हे आहे. जेथे पूजा चालते तेथे दिवाबत्ती होते, गळती लगेच लक्षात येते, उत्सवापूर्वी सफेदी होते आणि भेग पडली की कोणी तरी चुना घेऊन वर चढतो. चुन्याचे हे एकावर एक चढलेले हात मूळ वीटकामाचे बारकावे झाकून टाकतात, अशी तक्रार पुरातत्त्वज्ञ करतात आणि ती रास्त आहे. पण त्याच हातांनी विटेला पावसापासून वाचवले, हेही तितकेच खरे आहे.

तेरच्या विटांविषयी एक विशेष सांगितला जातो तो म्हणजे त्यांतील काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. विटेच्या मातीत धान्याचा कोंडा मिसळला तर भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. अशी वीट वजनाला हलकी होते आणि उंच शिखरावर किंवा छतावर भार कमी करण्यास उपयोगी पडते. परंतु पोकळ्या जितक्या अधिक, तितकी वीट पाणी अधिक पिते. म्हणूनच अशा वीटकामाला चुन्याच्या गिलाव्याचे आवरण हा केवळ शृंगार नसून त्याच्या रचनेचाच भाग असतो: गिलावा पावसाची झड अंगावर घेतो, आत शिरलेला ओलावा आपल्या छिद्रांतून बाहेर सोडतो आणि झिजायचे ते आपण झिजून विटेला राखतो.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा हे तेरच्या परंपरेचे आणखी एक नवल आहे. हजार वर्षांहून जुनी मानली जाणारी ही चौकट आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. लाकूड कोरडे राहिले तर टिकते आणि भिजले तरी वारा लागून लवकर वाळले तर टिकते. ते कुजते ते ओल आणि कोंदटपणा एकत्र आल्यावर. विटेच्या भिंतीत बसवलेले लाकूड इतका काळ राहिले, तर ती भिंत मोकळा श्वास घेत होती असा निष्कर्ष काढता येतो.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचे गाव आहे. कुंभार थापटण्याने मडके वाजवून कच्चे की पक्के हे ठरवतो, तसे गोरोबांनी संतांची पारख केल्याची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. जुनी भिंत तपासणारे कुशल गवंडी आजही हीच रीत वापरतात: हलक्या हातोडीने किंवा बोटाच्या पेराने गिलावा वाजवला असता भरीव आवाज आला तर तो भिंतीला धरून आहे आणि पोकळ आवाज आला तर मागे ओलीने जागा केली आहे, असे ते ओळखतात. यंत्रे आली तरी या पहिल्या तपासणीची जागा कोणी घेतलेली नाही.

नळदुर्गचा दगड आणि चुना

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हा किल्ला बोरी नदीच्या वळणावर, काळ्या पाषाणाच्या पठारावर उभा आहे. बहमनी सत्तेनंतर तो आदिलशाहीकडे आला आणि त्या काळात त्याच्या तटबंदीचे मोठे काम झाले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरी नदीवर बांध घालण्यात आला व त्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधण्यात आला. सुमारे १७४ मीटर लांब आणि १९ मीटर उंच असलेल्या या बांधामागे पाणी तुंबले की जादा पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून खाली झेपावते, आणि पाणी महालाच्या सज्जात बसलेल्याला समोर धबधब्याचा पडदा दिसतो. मागे तुंबलेला जलाशय, समोर कोसळणारे पाणी आणि मधल्या दालनात बसण्याजोगा कोरडेपणा, ही किमया ज्या कारागिरांनी साधली त्यांचे ओलीविषयीचे ज्ञान किती परिपक्व होते हे निराळे सांगावे लागत नाही.

या ज्ञानाचा पहिला भाग दगडाच्या निवडीत आहे. दख्खनच्या पठारावरील काळा बेसॉल्ट दगड घट्ट पोताचा असल्यामुळे स्वतः फार थोडे पाणी शोषतो. म्हणून दगडी भिंतीत पाणी शिरते ते दगडांतून नव्हे तर दरजांतून, म्हणजे दोन दगडांमधील सांध्यांतून. घडीव दगड जितका नेमका बसवावा तितकी दरज बारीक होते आणि पावसाला वाट कमी मिळते. जाड तटात मात्र बाहेरच्या व आतल्या बाजूस घडीव दगडांचे दोन पदर आणि मध्ये चुना व डबर यांची भर असते; या भरीतील चुना पाण्याने धुऊन गेला की पदर सुटे होतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत पोट फुगून ढासळते. म्हणून किल्ल्याच्या तटाचे आयुष्य त्याच्या माथ्यावरील कोब्यावर, म्हणजे पाणी आत मुरू न देणाऱ्या चुन्याच्या थरावर, आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळींवर अवलंबून असते.

ज्ञानाचा दुसरा भाग चुन्यात आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळी फुटल्यासारखा तापून फुलतो आणि विरलेला चुना तयार होतो. हा चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत घातला की हवेतील कर्बवायू हळूहळू परत घेऊन तो पुन्हा चुनखडी बनतो. घाणी म्हणजे जमिनीत खोदलेला दगडी वर्तुळाकार चर, ज्यात बैलाने ओढलेले जड दगडी चाक फिरून चुना एकजीव करते. पाण्यात उभ्या राहणाऱ्या बांधकामाला मात्र एवढ्याने भागत नाही, कारण तेथे हवा पोहोचत नाही. त्यासाठी मातीचा अंश असलेल्या कंकराचा चुना किंवा चुन्यात भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळावी लागते. सुरखीतील घटक चुन्याशी संयोग पावून पाण्याखालीही घट्ट होणारा पदार्थ तयार करतात. चुन्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर किंवा उडदाचे पाणी मिसळण्याची रीत महाराष्ट्रभर होती. गुळामुळे चुना सावकाश आळतो व हाताला मऊ लागतो, तर चिकट गरामुळे त्याची पकड आणि पाण्याला अटकाव करण्याची शक्ती वाढते.

चुन्याचा आणखी एक गुण पाणी महालासारख्या वास्तूत विशेष मोलाचा आहे. बारीक भेग पडली तर तिच्यातून झिरपणारे पाणी आसपासचा थोडा चुना विरघळवून घेते आणि हवेशी संबंध येताच तो त्याच भेगेत पुन्हा जमा करते. जुन्या बांधांच्या भुयारी भागांत दिसणारे पांढरे ओघळ याच क्रियेचे असतात. चुन्याचे काम अशा रीतीने आपल्या लहान जखमा आपणच भरून काढते. पण त्याला मर्यादा असते, आणि झिरपणे वाढून वाहणे झाले की गवंड्याला यावेच लागते.

नळदुर्ग हे ठिकाण दीर्घकाळ या भागाच्या कारभाराचे केंद्र होते. १८५३ च्या तहानुसार निजामाने जे प्रदेश कंपनी सरकारच्या व्यवस्थेत दिले त्यांत नळदुर्गचा समावेश होता, आणि त्या जिल्ह्याचा कारभार कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे सोपवला गेला. १८५७ पर्यंत ते येथे राहिले आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी नळदुर्गाचे व तेथील बांधाचे वर्णन केले. १८६० मध्ये हा प्रदेश निजामाकडे परत गेला आणि पुढे जिल्ह्याचे मुख्य ठाणे धाराशिवला हलवले गेले. ठाणे हलले की वस्ती हलते, वस्ती हलली की छतावरचे गवत उपटणारे हात कमी होतात. तेरच्या मंदिरांना पूजेने जे दिले ते किल्ल्यांना राबत्या कारभाराने दिले होते, आणि तो संपल्यावर दरजांत पिंपळ-वडाची रोपे रुजू लागली. नळदुर्ग असो वा परंड्याचा किल्ला, मराठवाड्यातील किल्ल्यांच्या पडझडीत या मुळांचाही मोठा वाटा आहे.

पांढरीचे माळवद

राजांच्या वास्तू चुन्याच्या, तर रयतेची घरे मातीची होती. चुना भाजायला सरपण लागते आणि सरपण या उघड्या पठारावर नेहमीच दुर्मीळ राहिले. म्हणून गावातील घरांच्या भिंती दगड व मातीच्या आणि छते माळवदाची असत. माळवद म्हणजे सपाट मातीचे छत. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, त्यांवर जवळजवळ मांडलेले लाकडाचे तुकडे म्हणजे किलचन, त्यावर पाला आणि शेवटी मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणत आणि घराचा मोठेपणा खणांच्या संख्येने सांगितला जाई. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला भोक ठेवून पावसाळ्यात ते झाकले जाई, आणि पाणी एका बाजूला वाहून पन्हळीतून भिंतीपासून दूर पडावे असा माथ्याला हलका उतार दिला जाई.

माळवदासाठी शेतातली काळी माती चालत नसे, कारण ती वाळली की तिला हातभर भेगा पडतात. त्यासाठी पांढरी माती लागे. मराठी गावात ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा, असा जुना भेद आहे. शेकडो वर्षांच्या वस्तीतून चूल, राख, शेण आणि कोसळलेल्या भिंती मिसळून गावठाणाची माती पांढुरकी व खारट झालेली असते. ही क्षारयुक्त माती भिजली की तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन फुगतात, छिद्रे बुजवतात आणि पहिल्या सरींनंतर माथ्यावर एक चिकट, पाणी न जिरवणारा पापुद्रा तयार होतो. रसायनशास्त्राचे नाव न घेता शेतकऱ्यांनी शोधलेले हे जलरोधन होते. तेरसारख्या ठिकाणी तर पांढरी म्हणजे सातवाहनकालीन नगराचेच अवशेष. तेथील टेकाडांतून आणि पावसाने धुपलेल्या उतारांतून मणी, नाणी व मृण्मय मूर्ती सापडत आल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपून ठेवल्या म्हणून आज तेथे वस्तुसंग्रहालय उभे आहे.

मृग नक्षत्राच्या आधी माळवदावर चढून गवत काढणे, खळगे भरणे, नवी पांढरी माती पसरून ती चोपणे आणि पन्हळी साफ करणे हा वार्षिक रिवाज होता. माळवद उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात ऊबदार ठेवी, त्यावर धान्य वाळे, घरची माणसे रात्री झोपत. परंतु या रिवाजात एक उणीव हळूहळू साचत गेली. दरवर्षी माती घातली जाई, जुनी काढली मात्र क्वचितच जाई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहिल्याने अनेक घरांच्या माथ्यावर एक ते अडीच फुटांपर्यंत माती साचली. एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर साडेचार टनांच्या आसपास भार, आणि पावसाने भिजल्यावर त्याहून अधिक.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर यांच्या परिसराला भूकंपाने हादरवले. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती बहुतांशी स्वतःच्या घरांच्या दगडांखाली आणि मातीखाली. दोन ते चार फूट जाडीच्या भिंती अनघड दगडांच्या दोन पदरांनी बनलेल्या होत्या, त्यांत दगडांना धरणारी केवळ माती होती आणि दोन पदरांना एकत्र बांधणारे आरपार दगड जवळजवळ नव्हते. हादऱ्याने पदर सुटून भिंती आत-बाहेर कोसळल्या आणि वरून माळवदाची माती आली. काही घरांत भिंती पूर्ण ढासळूनही छत पेलणारी लाकडी चौकट उभी राहिलेली आढळली, यावरून लाकडाच्या सांगाड्यात रक्षणाची शक्ती होती आणि धोका भिंतीच्या बांधणीत व माथ्यावरच्या ओझ्यात होता, हे तपासणाऱ्या अभियंत्यांना दिसून आले.

पावसापासून घर वाचवण्यासाठी प्रेमाने केलेली वार्षिक निगाच शेवटी घराचे ओझे ठरली, ही या दुर्घटनेतील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे. तिचा दोष माती घालणाऱ्या हातांना देता येत नाही. जुनी माती उतरवून मग नवी घालावी, एवढा एक धागा रिवाजातून सुटला होता.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे स्थलांतर झाले आणि अनेक जिल्ह्यांतील सुमारे १ लाख ९० हजार घरांची दुरुस्ती व बळकटी हाती घेण्यात आली. या बळकटीची कृती बांधकामाच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. माळवदावरील माती उतरवून पातळ करणे; लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकस आधार देणे; आणि भिंतीतून एका बाजूचे दगड हलकेच काढत आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली लोखंडी सळई व काँक्रीट भरणे, जेणेकरून दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील, ही तिची मुख्य अंगे होती. आरपार दगड बसवण्याची जी रीत जुने कसबी पाथरवट जाणत होते आणि घाईत व गरिबीत विसरली गेली होती, तीच येथे काँक्रीटच्या रूपाने परत आली. भूकंपाच्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडविटांच्या इमारतींना भूकंपरोधक बनवण्याविषयी तसेच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीविषयी मानके प्रसिद्ध केली.

सिमेंट आणि पुनर्स्थापना

भूकंपानंतर दगड आणि माती यांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि सिमेंटची घरे सर्वत्र उभी राहिली. भीती स्वाभाविक होती आणि सळई-सिमेंटच्या घरांनी सुरक्षितता दिली, हे मान्य करायला हवे. परंतु त्याच सिमेंटचा हात जुन्या वाड्यांच्या, बारवांच्या आणि देवळांच्या भिंतींवरही फिरला, तेथे मात्र त्याने ओलीची वाट बंद केली. सिमेंटचा थर चुन्यापेक्षा कितीतरी कठीण व बंदिस्त असतो; जमिनीतून चढणारी ओल त्याच्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि गिलावा संपतो तेथे लोणा फुटतो. भिंत उन्हाने फुगते-आकसते तेव्हा मऊ दरज असेल तर तीच दबते. दरजेत सिमेंट असेल तर दगडाची किंवा विटेची कडा फुटते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट फासल्यावर दोन-तीन पावसाळे भिंत नवी दिसते, त्यानंतर गिलाव्याचा पत्रा सुटून येतो आणि त्याच्यासोबत मूळ विटेचे तोंडही निघते.

जुन्या भिंतीच्या पुनर्स्थापनेचा जो क्रम आज जाणकार पाळतात, तो म्हणूनच उलट दिशेने सुरू होतो: भिंतीला काय लावावे हे ठरवण्याआधी पाणी कोठून येते हे शोधले जाते. माथ्यावरील कोबा, पन्हळी आणि जोत्याभोवतीचा उतार प्रथम दुरुस्त केला जातो. जोत्याशी टाकलेल्या फरशा किंवा भर यांनी पाणी भिंतीकडे वळत असेल तर ती हटवली जाते. झाडे ओढून उपटली तर दगड सोबत येतात, म्हणून ती कापून मूळ जागीच मारले जाते. मग दरजा खोलवर खरवडून, धुऊन, ओल्या करून त्यांत चुना व सुरखी किंवा वाळू यांचे मिश्रण थराथराने दाबून भरले जाते. भिंतीच्या पोटात पोकळी असेल तर पातळ चुना वरून हलक्या दाबाने सोडला जातो. आणि काम संपल्यावर ओले तरट लावून कित्येक दिवस भिजत ठेवले जाते, कारण लवकर वाळलेला चुना भुसभुशीत राहतो. नवी दरज दगडापेक्षा नेहमी मऊ ठेवायची, म्हणजे झिजायचे ते तिने झिजावे, हा यातला पायाभूत नियम आहे. तेरचा गिलावा शतकानुशतके विटेसाठी हेच करत आला आहे.

नळदुर्ग हा राज्य संरक्षित किल्ला असून त्याच्या संगोपनासाठी शासनाच्या योजनेतून लोकसहभागाने कामे झाली आणि पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहण्यासाठी हजारो माणसे तेथे पुन्हा येऊ लागली. हा राबता ही संधी आहे. कारण वास्तूकडे माणसांचे पाय वळले की तिच्या दुरुस्तीकडेही लक्ष वळते. मात्र त्यासाठी चुना भिजवणारा, घाणी फिरवणारा, दरज भरणारा गवंडी हाताशी असावा लागतो, आणि ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. चुना किती दिवस भिजला, थापीला कसा चिकटला, दरजेत दाबताना कोणता आवाज आला, हे जाणणाऱ्या कारागिरांच्या शेवटच्या पिढीकडून ते शिकून घेणे हे दगड जपण्याइतकेच तातडीचे काम आहे.

लेण्यातील पाण्याच्या गाठीपासून भूकंपानंतरच्या आरपार बंधांपर्यंतचा हा इतिहास एकत्र पाहिला की धाराशिवच्या इमारतींचे आयुष्य कोणत्याही एका पदार्थाने ठरवलेले दिसत नाही. तेरची वीट मऊ होती तरी टिकली आणि किल्ल्यांचा पाषाण कठीण होता तरी ढासळला. फरक पडला तो पाण्याची वाट ओळखून दरवर्षी ती मोकळी करणारी माणसे तेथे होती की नव्हती, यावर. माळवदाने यात आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती हजारो प्राणांच्या मोलाने शिकवली: निगा म्हणजे नुसती भर घालणे नव्हे, तर नवा थर देण्यापूर्वी जुना उतरवून खालचे लाकूड आणि दगड डोळ्यांनी पाहणे. मृगाच्या आधी छतावर चढण्याचा जुना रिवाज या अर्थाने पाळला गेला, तर या जिल्ह्यातील उरलेल्या जुन्या भिंती पुढचे अनेक पावसाळे पाहतील.